धाड कारखान्यावर, घट बाळांच्या वजनात

१२ मे २००८. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या छोट्याशा गावात मांसाच्या कारखान्यावर कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना पकडण्यासाठी सरकारी धाड पडली. शेकडो अधिकारी, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर आणि बेड्यांत ३८९ कामगार. बहुतेक ग्वाटेमालाचे, काही मेक्सिकोचे.

पुढे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आयोवाच्या जन्मनोंदी तपासल्या. धाडीनंतरच्या ३७ आठवड्यांत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मातांना अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी वाढला होता. गोऱ्या मातांमध्ये अशी वाढ नव्हती. खरं नवल पुढेच आहे. हा आकडा अख्ख्या राज्याचा होता, आणि वाढ अमेरिकेतच जन्मलेल्या लॅटिनो बायकांमध्येही दिसली. त्या जन्मानं नागरिक. त्यांना कोणी हद्दपार करू शकत नव्हतं. आडनावं मात्र पकडलेल्यांसारखीच होती.

भीती बाळापर्यंत पोचते कशी? धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. घटकाभराच्या संकटात ते उपयोगीच पडतं. गरोदरपणी वारेतलं एक विकर आईचं बरंचसं कॉर्टिसोल निष्प्रभ करून बाळाला जपतं. ताण महिनोन्महिने टिकला तर हे संरक्षण दुबळं होतं, असे पुरावे आहेत. शिवाय वारेतली काही संप्रेरकं वाढून बाळंतपण वेळेआधी होऊ शकतं. कडी वाजली की दचकायचं, नवऱ्याला उशीर झाला की जीव टांगणीला; प्रत्यक्ष काही घडावंच लागत नाही. अशा बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणारा डॉक्टर भला असेल, पण तो चुकीच्या माणसाला औषध देतोय.

कॅलिफोर्नियात असंच आधीही दिसलं होतं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत अरबी नावाच्या मातांमध्ये कमी वजनाच्या बाळाचा धोका सुमारे ३४ टक्क्यांनी वाढला. इतर समाजांत तसं झालं नाही.

पोस्टव्हिलच्या अभ्यासात सहभागी असलेल्या अर्लीन जेरोनिमस यांनी १९९२मध्येच लिहिलं होतं की, भेदभाव आणि हलाखी सोसत जगणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची शरीरं अकाली झिजतात. त्यांना हे सुचलं बालमृत्यूंच्या आकड्यांवरून. गोऱ्या अमेरिकनांत किशोरवयीन मातांची बाळं जास्त दगावत. कृष्णवर्णीयांत मात्र विशीतल्या मातांची.