एका नावाचे दोन संगणक आणि अडलेला धंदा

ईदच्या तोंडावरचा हंगाम. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. सकाळी वीज जाऊन आली, संगणक पुन्हा सुरू झाले, पण बिल काही निघेना. गल्ल्यावरच्या पडद्यावर संदेश उमटला : 'डुप्लिकेट नेम एक्झिस्ट्स ऑन द नेटवर्क'. किर्द, खतावणी, उधारी सारे काही सर्व्हरमध्ये, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य संगणकात, आणि तोच सापडत नाही. मग घाईने कोणाला तरी बोलावले जाते. तो म्हणतो, "सर्व्हर बिघडला, फॉरमॅट मारावा लागेल." घाबरलेला मालक होकार देतो आणि वर्षाचा हिशेब पुसला जातो.

व्यापारी बांधवांनी लक्षात ठेवावे, की हा संदेश बिघाडाचा नसतो. एकाच मोहल्ल्यात एकाच नावाची दोन दुकाने असली तर पोस्टमनने पाकीट कोठे टाकावे? येथेही तोच घोटाळा आहे. नेटवर्कवर दोन संगणकांनी एकच नाव लावले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

काल चालत होते, मग आज काय झाले?

छोट्या कार्यालयात जुने आणि नवे विंडोज संगणक एकत्र चालतात, तेथे नेटबायोस ही पद्धत आजही आढळते. १९८३ साली आयबीएमच्या संगणकांसाठी ती तयार झाली. तिच्यात संगणक सुरू होताच नेटवर्कवर आपल्या नावाची दवंडी पिटतो. ते नाव आधीच कोणी घेतले असेल तर तो 'हे माझे आहे' असे उत्तर देतो आणि मागून आलेल्याला नाव मिळत नाही. म्हणजे जो आधी उठेल त्याचे नाव. वीज आल्यावर दुसरा संगणक सर्व्हरच्या आधी सुरू झाला, तर खरा सर्व्हरच बेनाव होतो.

हे दुसरे नाव येते कोठून? नवा सर्व्हर घेताना जुन्याचेच नाव दिले जाते आणि जुना संगणक नाव न बदलता गोदामात किंवा कारखान्यात लावला जातो. कधी एका डिस्कची जशीच्या तशी नक्कल करून दुसरा संगणक तयार केलेला असतो. नेटबायोसमध्ये नावाची पहिली १५ अक्षरेच धरली जातात. पेढीचे लांबलचक नाव देऊन शेवटी १, २ असे आकडे घातले, तर ते आकडे कापले जातात आणि दोन्ही नावे एकच होतात. क्वचित सर्व्हर स्वतःशीच भांडतो : त्याला तार जोडलेली असते आणि वाय-फायही चालू असते. अशा वेळी वाय-फाय बंद करावे.

तपास असा करावा

पहिले काम, हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. त्याआधी कोणालाही कशालाही हात लावू देऊ नये.

मग सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एनबीटीस्टॅट -एन' ही आज्ञा द्यावी. (एन, बी, टी, एस, टी, ए, टी ही सात इंग्रजी अक्षरे जोडून, मग जागा सोडून आडवी रेघ व लहान एन.) नावांची यादी येईल. नावापुढे 'रजिस्टर्ड' असेल तर ठीक. 'कॉन्फ्लिक्ट' असेल तर झगडा नक्की.

दुसरा संगणक शोधण्यासाठी सर्व्हरची तार काढावी आणि वाय-फायही बंद करावे. आता तिसऱ्या संगणकावरून त्याच नावाला पिंग करावे. सर्व्हर सुटलेला असूनही उत्तर आले, तर ते देणारा दुसराच कोणी आहे. पडद्यावर त्याचा आयपी पत्ता दिसतो. राउटरच्या यादीत तो पत्ता पाहिला की यंत्र सापडते. उत्तर आलेच नाही तर फायरवॉल आड येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी एकेका संगणकावर 'होस्टनेम' ही आज्ञा देऊन नावे ताडून पाहावीत.

नाव कोणाचे बदलावे?

सर्व्हरचे नाव कधीही बदलू नये. इतर संगणकांवरचे फोल्डरचे रस्ते आणि प्रिंटरची जोडणी त्या नावावरच चालते. ते बदलले तर सगळे कार्यालय नव्याने जुळवावे लागते. नाव बदलावे ते दुसऱ्या संगणकाचे. नव्या विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट येथे 'रिनेम धिस पीसी' ही सोय आहे. नवे नाव १५ अक्षरांच्या आत ठेवावे. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि त्यानंतर सर्व्हरही पुन्हा सुरू करावा. एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

शेवटी एक साधी सवय. माल कोणत्या घोडीवर आहे याची वही आपण ठेवतो, तशी संगणकांची ठेवावी : नाव, जागा, वापरणारा, कधी घेतला. 'गल्ला-१', 'गोदाम-१', 'हिशेब' अशी छोटी नावे द्यावीत आणि चिठ्ठी यंत्रावर चिकटवावी. नवा संगणक तारेला जोडण्याआधी वही उघडावी. दुरुस्तीला आलेला माणूस फॉरमॅटची भाषा करू लागला, तर आधी त्याच्यापुढे ही वही ठेवून विचारावे, "भाई, या नावाचा दुसरा कोण आहे ते आधी बघा."