प्रशासकाच्या सहीवर

धाड हे बुलढाणा तालुक्याच्या टोकाचं गाव. पलीकडे भोकरदन, म्हणजे जालना जिल्हा. १९४८ पर्यंत तिकडे निजामाचा अंमल. इकडे वऱ्हाडात १९४७ पर्यंत इंग्रजांचा. दोन्हीकडच्या शेतकऱ्याला सरकार कळायचं ते सारावसुलीला येणाऱ्या माणसावरून. १ मे १९६२ ला वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळा, दवाखाना, पाणी यांसाठी ओळखीच्या माणसाला धरता येऊ लागलं.

ही सोय मला फार मोलाची वाटते. शाळेत गुरुजी नाहीत, हातपंप बंद पडलाय, तर पंचायत समितीत अर्ज द्यायचा, आवक क्रमांकाची पोच जपून ठेवायची आणि काम हललं नाही की सदस्याला बाजाराच्या दिवशी गाठायचं. काम दर वेळी होत नसे. गटबाजी होती, टक्केवारीही होती. तरी तो सदस्य सर्वसाधारण सभेत अधिकाऱ्याला जाब विचारू शकत होता, आणि पाच वर्षांनी मतं मागायला त्याला आपल्याच ओट्यावर यावं लागे.

ही पाच वर्षांची मुदत ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून संविधानात पक्की केली. धाडने जिल्हा परिषदेसाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान केलं. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडणूक झालीच नाही. ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. प्रश्न खराच होता, पण तो सुटेपर्यंत मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले. प्रस्ताव प्रशासनाचा, मंजुरी प्रशासनाची, अंमलही प्रशासनाचाच. अधिकारी वाईट असतात असं नाही. त्यांना विचारणारं कुणी उरलं नाही.

अनेक लोकशाही देशांत सरकारवरचा भरवसा घटलाय. अमेरिकेत १९५८ साली चारांतले जवळपास तीन जण सरकारवर विश्वास ठेवत, आता पाचांतला एखादा. ओईसीडीने २०२३ मध्ये ३० देशांत पाहणी केली. सरकारी कारभारात आपलं म्हणणं चालतं असं वाटणाऱ्यांपैकी ६९ टक्क्यांचा राष्ट्रीय सरकारवर भरवसा होता. तसं न वाटणाऱ्यांत फक्त २२ टक्क्यांचा. धाडच्या माणसाला हे आकडे समजावून सांगावे लागणार नाहीत.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं. २०१७ च्या मतदानाच्या वेळी दहावीत असलेली मुलं तोवर तेवीस-चोवीस वर्षांची झाली होती. लोकसभेला, विधानसभेला त्यांच्या बोटाला शाई लागली होती. जिल्हा परिषदेसाठी एकदाही नाही.