माईक ऑन कर ना!

'सेकंड लाइफ' आठवतंय? लिंडन लॅबने २००३ मध्ये सुरू केलेलं ते थ्रीडी जग? गेम म्हणावं तर ना लेव्हल, ना हारजीत. आपला अवतार घ्यायचा, चालायचं, उडायचं, भेटेल त्याच्याशी गप्पा हाणायच्या. २००७ मध्ये तर त्याची अशी हवा होती, की स्वीडनने तिथे चक्क दूतावास थाटला!

मला त्याचा नाद लावला माझ्या मावसभावाने. तेव्हा तो पुण्यात इंजिनीअरिंगला होता. बोलताना अडखळायचा. 'प' किंवा 'क' आला की गाडी अडलीच. व्हायवाला उत्तर येत असूनही गप्प उभा राहायचा, मार्क जायचे. रात्री दोननंतर ब्रॉडबँड फुकट, म्हणून हा गडी दोनचा अलार्म लावून उठायचा. एकदा मीही शेजारी बसले. कुठल्याशा खुल्या क्लासमध्ये पंधरा-वीस अवतार गोल करून बसलेले, आणि सगळ्यात जास्त प्रश्न कोण विचारतंय? आमचा हा! कारण तिथे सगळेच टाइप करून बोलत होते.

तुम्ही म्हणाल, मग साध्या चॅटरूममध्ये काय वाईट होतं? मीही तेच विचारलं.

"ताई, चॅटमध्ये मी नुसतं नाव असतो. इथे मी उभा असतो. मी टाइप करायला लागलो की लोकांच्या माना माझ्याकडे वळतात."

शिकवणाऱ्यांनाही या जगाची भुरळ पडली होती. २००६ मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलच्या चार्ल्स नेसन यांनी मुलगी रिबेकासोबत घेतलेल्या 'सायबरवन' कोर्सचे काही वर्ग इथेच भरले. अमेरिकेच्या 'नोआ' या सागर-हवामान संस्थेच्या बेटावर तुम्ही किनाऱ्यावर उभं राहून त्सुनामी अंगावर घेऊ शकत होता. पीटर यलोलीज या मानसोपचारतज्ज्ञांनी तर एक वॉर्डच उभारला होता. आत फिरताना कानात भलतेच आवाज यायचे, पोस्टरवरचे शब्द बदलायचे. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला काय वाटत असेल, हे पुस्तकातून इतकं कळणार नाही. बाकी बऱ्याच युनिव्हर्सिटीज मात्र आपल्याच बिल्डिंगची कॉपी मारून मोकळ्या झाल्या. छप्पर, जिने, बाकं सगळं तस्संच. अरे, जिथे पाऊस पडत नाही आणि माणसं उडतात, तिथे जिने कशाला?

मग २००७ मध्येच तिथे 'व्हॉइस' आला. हेडफोन लावा आणि बोला. बहुतेकांना धमाल वाटली. ज्यांना ऐकू येत नाही ते मात्र धास्तावले, आणि आमचा हाही. टाइप करायची सोय गेली नव्हती म्हणा. पण बाकीचे भराभर बोलणार, हा टाइप करून एंटर मारेपर्यंत विषय पुढे गेलेला. कोणीतरी अगदी प्रेमाने म्हणायचं, "माईक ऑन कर ना!" दोन-तीन आठवड्यांत त्याचा दोनचा अलार्म बंद झाला. मावशी खूश, पोरगं वेळेवर झोपतंय.

२३ ऑगस्ट २०२० ला आयआयटी बॉम्बेने कोविडमुळे पदवीदान समारंभ व्हर्च्युअल केला. विद्यार्थ्यांचे अवतार स्टेजवर येऊन डायरेक्टरांच्या अवताराकडून डिग्री घेत होते. मी लगेच भावाला लिंक पाठवली. तो आता बंगलोरला, टीम लीड वगैरे.

पाच मिनिटांनी त्याचा मेसेज आला, "भारी आहे. माईक नाही ना धरायला लावत कोणाला?"