मोबाईलचा पुरावा : पंचनाम्यापासून अपिलापर्यंत

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकापाठोपाठ एक लागतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. कारखानदारीमुळे अंबरनाथची वाढ झाली आणि मुंबई-ठाण्यास नोकरीसाठी जाणाऱ्या असंख्य कुटुंबांनी बदलापुरात घरे केली. येथील कामगार, व्यापारी, विद्यार्थी व गृहिणी यांचे दैनंदिन व्यवहार आज भ्रमणध्वनीवर, म्हणजेच मोबाईलवर चालतात. साहजिकच फसवणूक, धमकी, चोरी किंवा खून, गुन्हा कोणताही असो, त्याचा माग काढताना तपास अधिकारी प्रथम मोबाईलकडे वळतो.

परंतु मोबाईलमध्ये माहिती सापडणे ही एक गोष्ट आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून टिकणे ही दुसरी. जप्तीच्या वेळी राहिलेली उणीव पुष्कळदा काही वर्षांनी, अपिलाच्या सुनावणीत ठळकपणे पुढे येते. तोवर ती भरून काढण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. मग खरा गुन्हेगार सुटण्याचा किंवा निरपराध माणूस कारागृहात राहण्याचा संभव निर्माण होतो. म्हणूनच या पुराव्याचा प्रवास कसा होतो, हे फिर्यादी, आरोपी आणि पंच या तिन्ही नात्यांनी नागरिकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

झडती व जप्तीचे नियम

ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ ४ मध्ये येतात. येथील तपासाला देशातील इतर ठिकाणांप्रमाणेच १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. त्या तारखेस प्रलंबित असलेले खटले व अपिले मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसारच पुढे चालविण्यात येतात.

नव्या संहितेच्या कलम ९४ मध्ये, ज्यात डिजिटल पुरावा असण्याचा संभव आहे अशी संपर्क साधने हजर करण्याचा आदेश देण्याची स्पष्ट तरतूद आहे. न्यायालयाच्या झडती वॉरंटाशिवाय तातडीने झडती घेणे आवश्यक वाटल्यास कलम १८५ अन्वये अधिकाऱ्याने त्याची कारणे आधी लेखी नोंदवावी लागतात. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत नजीकच्या दंडाधिकाऱ्याकडे जाणे बंधनकारक आहे. अटक झालेल्या व्यक्तीची अंगझडती कलम ४९ अन्वये घेता येते. मात्र ताब्यात घेतलेल्या वस्तूंची पावती तिला दिली पाहिजे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. झडतीचा अधिकार तपासाच्या प्रयोजनाशी बांधलेला आहे. वाटेने जाणाऱ्या कोणाचाही मोबाईल केवळ कुतूहलापोटी चाळण्याची मुभा या तरतुदी देत नाहीत.

कलम १०३ नुसार झडतीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित पंच उपस्थित असावे लागतात. कलम १०५ ने त्यात महत्त्वाची भर घातली आहे. झडती, जप्ती, वस्तूंची यादी आणि तिच्यावरील स्वाक्षऱ्या या संपूर्ण कार्यवाहीचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे असते. पूर्वी पंच साक्षीत फिरला की जप्तीच डळमळीत होत असे. आता खुद्द जप्तीचे दृश्य न्यायालयासमोर येऊ शकते.

हॅश मूल्य आणि प्रमाणपत्र

कागदावर खाडाखोड केली तर ती डोळ्यांना दिसते. मोबाईलमधील नोंद बदलली तर ती दिसेलच असे नाही. यावर शास्त्राने शोधलेला उपाय म्हणजे हॅश मूल्य. मोबाईलमधील माहितीची हुबेहूब प्रत काढली की गणिती पद्धतीने तिचा एक लांबलचक आकडा तयार होतो. त्या माहितीतील एखादे अक्षर जरी बदलले तरी संपूर्ण आकडा बदलतो. जप्तीनंतर काढलेला आकडा आणि पुढे तपासणीत मिळालेला आकडा जुळला, तर मधल्या काळात ढवळाढवळ झालेली नाही असे म्हणता येते.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये विद्युतीय अभिलेखासाठी दोन भागांचे प्रमाणपत्र विहित केले आहे. पहिला भाग अभिलेख सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असून दोहोंत हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब चा हा सुधारलेला अवतार होय. याशिवाय, विद्युतीय उपकरण कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेले, याची क्रमवार नोंद पोलिसांनी न्यायालयात सादर करावयाच्या अहवालात असली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३ सांगते. पोलीस ठाण्याचे मुद्देमाल कपाट, प्रयोगशाळा आणि न्यायालय ही एका साखळीची कडी आहेत. त्यांपैकी एक निखळली तरी बचाव पक्षाला संशयाचा फायदा मागता येतो.

मनोऱ्याची नोंद काय सांगते?

संभाषणांच्या तपशिलावरून मोबाईल कोणत्या मनोऱ्याशी जोडला गेला होता हे कळते. तो त्या क्षणी कोणाच्या हाती होता, हे मात्र त्यावरून कळत नाही. समजा, विठ्ठलवाडी स्थानकाजवळ एखादा गुन्हा घडला. त्याच सुमारास लोकलने बदलापूरला परतणाऱ्या शेकडो प्रवाशांचे मोबाईलही त्याच मनोऱ्याच्या कक्षेत असू शकतात. दाट वस्तीच्या या पट्ट्यात केवळ अशा नोंदीवरून कोणालाही दोषी ठरविणे धोक्याचे आहे. प्रत्यक्षदर्शी साक्ष, हस्तगत केलेली वस्तू, बँकेचा व्यवहार अशा अन्य दुव्यांची जोड मिळाली की हीच नोंद मोलाची ठरते.

महाराष्ट्रातून गेलेले निवाडे

यंत्राने टिपलेल्या पुराव्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरविरुद्धच्या आर. एम. मलकानी खटल्यात दूरध्वनीवरील संभाषण फितीवर मुद्रित करण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ती फीत ग्राह्य धरली; मात्र संभाषण प्रस्तुत असावे, आवाजाची ओळख पटावी आणि फितीत फेरफार झाल्याचा संभव दूर व्हावा, या कसोट्याही घालून दिल्या. पुरावा मिळविण्याच्या रीतीत दोष असला तरी तेवढ्याने तो बाद होत नाही, हे तत्त्वही त्या काळी मान्य झाले.

पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. त्याचा परिणाम मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१९ मधील विनीत कुमार निवाड्यात दिसला. लाचखोरीच्या आरोपाच्या त्या प्रकरणात दूरध्वनी चोरून ऐकण्याचे आदेश कायद्यातील अटींत बसत नाहीत, असे आढळल्यावर न्यायालयाने ते रद्द केले आणि मुद्रणे नष्ट करण्यास सांगितले.

तिसरा निवाडा जालन्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे २९६ मतांनी निकाल लागला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की काय, हा वादाचा मुद्दा होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातील चित्रमुद्रणाचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या प्रकरणी १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. एखादा अधिकारी प्रमाणपत्र देत नसेल तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवावे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. हा वाद निवडणुकीचा असला तरी त्यातील विवेचन फौजदारी खटल्यांनाही मार्गदर्शक ठरले आहे.

अपिलात काय घडते?

उल्हासनगरच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा सुनावल्यास अपील कल्याणच्या सत्र न्यायालयात होते. सत्र न्यायालयाने खटला चालवून दिलेल्या शिक्षेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागता येते. सर्वसाधारणतः सत्र न्यायालयासाठी ३० दिवसांची व उच्च न्यायालयासाठी ६० दिवसांची मुदत असते. आरोपी निर्दोष सुटल्यास पीडित व्यक्तीलाही अपिलाचा अधिकार आहे.

अपील म्हणजे नव्याने चालविलेला खटला नव्हे. खालच्या न्यायालयात नोंदल्या गेलेल्या पुराव्याचीच तेथे फेरतपासणी होते. अतिरिक्त पुरावा घेण्याची तरतूद संहितेच्या कलम ४३२ मध्ये आहे. परंतु तो घेणे आवश्यक आहे असे न्यायालयाला वाटले तरच आणि कारणे नोंदवूनच. सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या २०१७ च्या प्रकरणात आरोपीने, मोबाईल नोंदींना प्रमाणपत्र नाही, ही हरकत खटल्यात न घेता अपिलात घेतली. खटल्याच्या वेळीच आक्षेप आला असता तर उणीव दूर करता आली असती, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. हा झाला आरोपीसाठी धडा.

तपास यंत्रणेसाठीचा धडा २०२२ च्या रविंदर सिंग प्रकरणात मिळतो. दोन बालकांच्या हत्येच्या त्या खटल्यात प्रमाणपत्राविना सादर केलेल्या मोबाईल नोंदी ग्राह्य धरण्यात आल्या नाहीत. इतर परिस्थितिजन्य दुवेही अपुरे पडले आणि आरोपीची मुक्तता झाली. याउलट, दिल्लीच्या लाल किल्ल्यावरील हल्ल्याच्या खटल्यात त्याच वर्षी अशा नोंदी वगळल्यावरही उर्वरित पुराव्याच्या बळावर शिक्षा कायम राहिली. तात्पर्य, मोबाईल हा पुराव्याचा एक खांब आहे. संपूर्ण इमारत त्या एकाच खांबावर उभी करू नये.

पासवर्डचा प्रश्न

आरोपीला मोबाईल उघडण्याची सक्ती करता येते काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने या संरक्षणात येत नाहीत असे ठरविले. पासवर्ड ठशासारखा मानावा की साक्षीसारखा, याबाबत न्यायालयांमध्ये एकवाक्यता झालेली नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यायालयीन आदेशाचा मार्ग दाखविला, तर दिल्लीतील एका विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये पासवर्डची सक्ती नाकारली. अशा प्रसंगी विधिज्ञाचा सल्ला घेणे इष्ट होय.

नागरिकांनी घ्यावयाची दक्षता

फिर्यादीने धमकीचे संदेश किंवा चित्रमुद्रणे पुसून टाकू नयेत. केवळ पडद्याचे छायाचित्र काढून मूळ मोबाईल विकणे किंवा त्यातील माहिती काढून टाकणे घातक ठरते. ज्याचा मोबाईल जप्त होईल त्याने यादीची प्रत मागून घ्यावी आणि तीत आयएमईआय क्रमांक व सिमकार्डाची नोंद आहे हे पाहावे. मोबाईल परत मिळण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. पंच म्हणून बोलावणे आल्यास पंचनामा वाचल्याशिवाय किंवा कोऱ्या कागदावर कदापि स्वाक्षरी करू नये. जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्याचीच ग्वाही द्यावी. वकील नेमण्याची ऐपत नसलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळू शकते. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

न्यायदानाची गुणवत्ता न्यायालयाच्या दालनाइतकीच पोलीस ठाण्याच्या टेबलावरही ठरते. तेथे मोबाईल विधिवत सीलबंद झाला, पंचांनी डोळसपणे स्वाक्षरी केली आणि प्रत्येक हस्तांतराची नोंद राहिली, तर पीडिताला अपिलाची भीती उरणार नाही आणि निरपराधालाही तेथे न्यायाची वाट मोकळी राहील.