बायोमधला ‘फायनान्शियल ॲडव्हायझर’ नक्की कोण?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण पगारातले पैसे कुठे गुंतवायचे हे कुणाला विचारायच्या आधी ऐका.

इन्स्टाच्या बायोमध्ये काय, कुणीही काहीही लिहितं. पण भारतात फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा, तर २०१३ च्या नियमांप्रमाणे सेबीकडे नोंदणी लागते. असा माणूस म्हणजे रजिस्टर्ड इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर, आरआयए. त्याला पदवी हवी, शिवाय एनआयएसएमच्या एक्स-ए आणि एक्स-बी या दोन परीक्षा. आधी अनुभवाचीही अट होती, ती २०२४ च्या अखेरीस निघाली. त्यामुळे ‘किती वर्षं हे काम करताय?’ हे आता तुम्हीच विचारायचं.

सीएफपी, सीएफए, एमबीए? छानच, अभ्यास केलाय. पण आमच्या आयटीच्या भाषेत, डिग्री म्हणजे रेझ्युमे आणि नोंदणी म्हणजे प्रॉडक्शनचा ॲक्सेस. रेझ्युमे भारी आहे म्हणून ॲक्सेस मिळत नाही ना!

खरा घोळ नंबरांमध्ये होतो. आरआयएचा नंबर ‘आयएनए’ने सुरू होतो. ‘आयएनएच’ असेल तर तो रिसर्च ॲनालिस्ट. तो शेअरबद्दल मत देतो, तुमच्या डोक्यावर किती कर्ज आहे हे त्याला माहीत नसतं. आणि ‘एआरएन’ म्हणजे म्युच्युअल फंड वितरक. तो काही चोर नाही हं, कागदपत्रांची कामं मनापासून करणारे कितीतरी आहेत. पण त्याचा सल्ला ‘फुकट’ही नसतो, कमिशन तुमच्याच रेग्युलर प्लॅनमधून जातं. समजा १० लाख गुंतवलेत आणि डायरेक्ट प्लॅनपेक्षा खर्च १ टक्का जास्त आहे, तर वर्षाला झाले १०,००० रुपये. आरआयए उघड फी घेतो, त्याच क्लायंटला कमिशनवर फंड विकू शकत नाही.

नंबर मिळाला की सेबीच्या वेबसाइटवरच्या यादीत टाकून बघा. नाव, पत्ता, ईमेल जुळायला हवं, कारण दुसऱ्याचा खरा नंबर चिकटवून टेलिग्राम चॅनेल चालवणारे आहेत. फी सल्लागाराला द्यायची, गुंतवणुकीचे पैसे नाही. ‘माझ्या खात्यात टाका, महिन्याला पक्के ४ टक्के’ असं ऐकलंत, तर नंबर खरा असला तरी फोन ठेवा.

आणि एक राहिलंच. सल्लागार नोंदणीकृत असेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर त्याची तक्रार करता येते. बिननोंदणीवाल्यासाठी ते दार बंद, मग सायबर पोलिसांच्या १९३० वर फोन लावायचा.