भरल्या पाइपावर वेल्डिंग

मुंबईच्या रिफायनरीतले पेट्रोल-डिझेल भारत पेट्रोलियमच्या पाइपलाइनमधून सह्याद्री चढून नाशिक जिल्ह्यात, मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोत येते. पुढे हीच लाइन इंदूरजवळच्या मांगल्यावरून दिल्लीतील बिजवासनला जाते. अशा लाइनला नवा फाटा जोडायचा म्हणून ती रिकामी केली, तर कित्येक जिल्ह्यांचा पुरवठा खोळंबेल. त्यामुळे जगभर अशा वेळी दाबाखालच्या चालू पाइपावरच वेल्डिंग करून भोक पाडतात. याला म्हणतात हॉट टॅपिंग.

आतले इंधन पेट कसे घेत नाही? भरलेल्या पाइपात हवा नसते आणि प्राणवायूवाचून इंधन पेटत नाही. खरे धोके पोलादातच असतात. भिंत पातळ असली, तर आर्कच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि आतला दाब ती फोडतो. उलट प्रवाह जोरात असला, तर तो उष्णता ओढून नेतो. जोड भराभर थंड होऊन ठिसूळ बनतो. त्यात ओलाव्यातून हायड्रोजन शिरला असेल, तर काम संपल्यावर काही तासांनीही तडा जातो.

म्हणून आधी अल्ट्रासॉनिक यंत्राने नेमक्या जागेची जाडी मोजतात. 6.4 मिमी किंवा जास्त जाडी असेल आणि लो-हायड्रोजन रॉड वापरले, तर भिंत फुटण्याची शक्यता फार कमी. 7018 सारखे हे रॉड ओव्हनमध्ये कोरडे ठेवावे लागतात. दोन अर्ध्या भागांचा टी-आकाराचा तुकडा पाइपाभोवती बसवून आधी त्याचे लांबीचे जोड भरतात. मग एका टोकाचा गोल जोड, आणि तो पुरा झाल्यावरच दुसऱ्या टोकाचा. त्यानंतर व्हॉल्व्ह बसवून दाबाची चाचणी घेतात. शेवटी उघड्या व्हॉल्व्हमधून कटर आत जातो, कापलेली चकती धरून बाहेर येतो आणि व्हॉल्व्ह बंद होतो.

ऑक्सिजन किंवा क्लोरीनच्या लाइनवर मात्र हा प्रयोग करायचाच नाही.

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतही ‘लाइन चालू ठेवूनच उरकून टाक’ असे कोणी सांगेल. तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारावा: लाइन बंद करता येते का? येत असेल तर बंदच करावी. येत नसेल, तर लेखी हॉट वर्क परमिट आणि मोजलेल्या जाडीचा आकडा समोर आल्याशिवाय वेल्डरने होल्डर हाती घेऊ नये.