खेळाची पारख

मराठी घरांत खेळ ही पूर्वी बाजारातून पारखून आणण्याची वस्तू नव्हती. सारीपाट, सागरगोटे, काचापाणी, पत्त्यांचा जोड हे सारे मूल जन्माला येण्यापूर्वीच घरात असे. आजी खेळत आली, आईही खेळली, म्हणून नातही खेळू लागली. खेळ चांगला की वाईट, कोणत्या वयाला झेपणारा, त्यात भांडणे किती होतात, हे सर्व घरातील मोठ्यांना अनुभवाने ठाऊक असे. सापशिडीचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या मोक्षपटाचे श्रेय तर परंपरा संत ज्ञानेश्वरांना देते. सद्गुणाची शिडी वर नेते आणि दुर्गुणाचा साप खाली ओढतो, हे खेळता खेळता मुलांच्या मनावर ठसत असे.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत असे घडत नाही. येथे मूल जाणकार आणि वडीलधारी माणसे अनभिज्ञ, अशी उलटी स्थिती असते. खेळ विकत घेतल्याशिवाय तो आतून कसा आहे ते कळत नाही आणि विकत घेतल्यावर कळून पुष्कळदा उपयोग होत नाही. म्हणूनच ज्याने खेळ खेळून पाहिला आहे, त्याने न खेळलेल्या माणसासाठी लिहिलेले चार शब्द मोलाचे ठरतात. अशा लेखनाला 'परीक्षण' म्हणतात. नाटकाचे किंवा पुस्तकाचे परीक्षण आपल्या परिचयाचे आहे. कुटुंबाने एकत्र बसून खेळण्याजोग्या व्हिडिओ गेमचे साधे परीक्षण कसे वाचावे आणि कसे लिहावे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

खेळ घडविणारे शहर

या विषयाचा विचार करताना बेंगळुरू शहराची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९९७ मध्ये राजेश राव यांनी येथे 'ध्रुव इंटरअॅक्टिव्ह' ही संस्था स्थापन केली. व्हिडिओ गेमची निर्मिती करणाऱ्या भारतातील अगदी आरंभीच्या संस्थांमध्ये तिची गणना होते. पुढे २०१० मध्ये अमेरिकेच्या झिंगा कंपनीने या शहरात आपले कार्यालय उघडले. २०१९ मध्ये 'ध्रुव' ही संस्था रॉकस्टार या कंपनीने विकत घेतली. रॉकस्टारची ओळख 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या खेळामुळे आहे आणि त्या मालिकेतील पाचव्या खेळाला युरोपात केवळ १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी असा शिक्का मिळालेला आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खेळ आपल्या शहरात घडला किंवा तो प्रसिद्ध आहे, एवढ्यावरून तो आपल्या घरातील मुलासाठी योग्य ठरत नाही.

याच शहरातील निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ मध्ये 'शट' क्लिनिक सुरू झाले. मोबाइल, इंटरनेट आणि व्हिडिओ गेम यांच्या अतिरेकी वापरामुळे त्रस्त झालेल्यांना तेथे मदत मिळते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आजारांच्या नव्या वर्गीकरणाला मान्यता दिली व त्यात खेळाच्या विकाराचा समावेश झाला. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ही लक्षणे साधारणपणे वर्षभर टिकून असतील, तरच तो विकार मानला जातो. म्हणजे, सुट्टीत दोन तास खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. खेळाची सरसकट भीती बाळगणे जसे अनुचित, तसेच डोळे मिटून खेळ हाती देणेही अनुचित. या दोहोंमधील वाट पारखण्याची आहे.

खेळ एक, यंत्रे अनेक

ज्या यंत्रावर खेळ चालतो, त्याला 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. मोबाइल, संगणक आणि टीव्हीला जोडण्याचे गेम कन्सोल हे तीन मुख्य प्लॅटफॉर्म आहेत. एकाच नावाचा खेळ या तिन्ही ठिकाणी सारखाच असेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु ती बरोबर नाही.

'माइनक्राफ्ट' या खेळाचे उदाहरण घेऊ. २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. चौकोनी ठोकळे खणून काढणे व त्यांतून घरे, पूल, गावे उभारणे हे त्याचे स्वरूप. त्याची 'जावा' आवृत्ती केवळ संगणकावर चालते, तर 'बेडरॉक' आवृत्ती मोबाइल, कन्सोल व विंडोज संगणक या सर्वांवर चालते. बेडरॉक घेतलेल्या मुलाला मोबाइलवरून कन्सोलवरच्या मित्राबरोबर खेळता येते. मित्राकडे जावा आणि आपल्याकडे बेडरॉक असेल, तर मात्र साधारणपणे दोघांना एका जगात भेटता येत नाही. टीव्हीचा पडदा विभागून भावंडांनी एकत्र खेळण्याची सोयही कन्सोलवर आहे, मोबाइलवर नाही. परीक्षणात हे एक वाक्य नसेल, तर पैसे खर्चूनही मुलाची निराशा होते.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेचा 'राजी' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेंडो स्विच या कन्सोलवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात संगणक व इतर कन्सोलवर आला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी ही त्याची नायिका. भारतीय पुराणकथा, राजवाडे व चित्रशैली यांचा सुंदर उपयोग त्यात केलेला आहे. परीक्षकांनी त्याच्या दृश्यरूपाची वाखाणणी केली, तशाच त्यातील तांत्रिक त्रुटीही दाखविल्या. खेळ आपल्या मातीतला म्हणून दोष झाकले नाहीत आणि दोष आहेत म्हणून गुण नाकारले नाहीत. चांगले परीक्षण असेच असते. शिवाय या खेळात असुरांशी सतत लढाया आहेत. त्यामुळे नायिका लहान असली, तरी तो अगदी लहान मुलांचा खेळ नव्हे, हेही परीक्षणातूनच समजते.

शिक्का काय सांगतो, काय सांगत नाही

खेळांवर वयाचे शिक्के असतात. अमेरिकेत १९९४ पासून व युरोपात २००३ पासून अशी पद्धत सुरू आहे. युरोपातील 'पेगी' पद्धतीत ३, ७, १२, १६ व १८ असे वयोगट आहेत. खेळात हिंसा, अर्वाच्य भाषा, जुगार इत्यादी किती आहे, यावरून हे आकडे ठरतात. खेळ किती अवघड आहे, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. बुद्धिबळात आक्षेपार्ह काहीच नाही, म्हणून त्याला ३ हा शिक्का मिळू शकेल. परंतु तीन वर्षांच्या मुलाला तो खेळता येणार नाही. शिक्का 'यात वावगे काही नाही' एवढेच सांगतो. 'हे तुमच्या मुलाला झेपेल, रुचेल' हे परीक्षणाने सांगायचे असते.

गुणांच्या बाबतीतही सावध असावे. जपानमधील 'फामित्सू' हे नियतकालिक १९८६ पासून प्रसिद्ध होत आहे. त्यात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चाळीसपैकी बेरीज छापली जाते. एकाच खेळाविषयी चौघांचे मत भिन्न असू शकते, हे त्या पद्धतीत उघडपणे मान्य केलेले आहे. केवळ 'पाचपैकी पाच तारे' असे लिहिणारा परीक्षक मात्र आपले कारण दडवून ठेवतो. कारण कळले, तरच वाचकाला स्वतःचा निर्णय घेता येतो.

'फुकट' खेळाची किंमत

मोबाइलवरील कित्येक खेळ विनामूल्य मिळतात. नवी मुंबईच्या 'गेमेशन' कंपनीचा 'लुडो किंग' हा २०१६ मध्ये आलेला खेळ त्यांपैकी एक. लुडो हा मूळचा आपल्या पचिशीचाच इंग्लंडमध्ये घडलेला अवतार. १८९६ मध्ये तेथे त्याचे पेटंट घेतले गेले आणि सुमारे एकशे वीस वर्षांनी तो मोबाइलच्या रूपाने पुन्हा आपल्या ओसरीवर आला. २०२० च्या टाळेबंदीत दूर अडकलेली कुटुंबे हा खेळ एकत्र खेळत होती. त्याचे नियम आजीलाही शिकवावे लागत नाहीत, ही त्याची मोठी जमेची बाजू. मध्येच येणाऱ्या जाहिराती ही उणी बाजू.

जाहिरातींपेक्षा गंभीर प्रश्न खेळाच्या आत होणाऱ्या खरेदीचा आहे. रत्ने, नाणी, नवे पोशाख यांसाठी खेळ खऱ्या पैशांची मागणी करतो आणि मुलाला खेळातील नाणे व बँकेतील रुपया यांतील भेद उमगतोच असे नाही. पालकांच्या संमतीवाचून मुलांनी केलेल्या अशा खरेदीबद्दल जानेवारी २०१४ मध्ये अॅपल कंपनीने अमेरिकेत किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले होते. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यानुसार पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालण्यात आली. परंतु पैजेचा खेळ वेगळा आणि खेळातील खरेदी वेगळी. म्हणून 'या खेळात पुढे पैसे मागितले जातात काय?' या प्रश्नाचे उत्तर घरगुती परीक्षणात असलेच पाहिजे.

दोन परीक्षणे

समजा, बेंगळुरूमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. आई, वडील, आठ वर्षांची मुलगी आणि बेळगावहून राहावयास आलेले आजोबा. आजोबांना इंग्रजी वाचता येत नाही. नातीला कन्नड, इंग्रजी व मराठी या तिन्ही भाषा थोड्याथोड्या येतात. संध्याकाळी मुलगी मोबाइलमध्ये आणि आजोबा वर्तमानपत्रात, असे दोघांचे दोन कोपरे झाले आहेत. दोघांनी एका सतरंजीवर बसावे, असे आईला वाटते. त्यासाठी ती खेळ शोधते आहे. तिच्या हाती पुढील परीक्षण लागते :

'ओव्हरकुक्ड हा खेळ एकदम झकास आहे. चित्रे भारी. सर्वांनी जरूर घ्या. पाचपैकी पाच.'

या चार वाक्यांतून तिला काहीही कळत नाही. आता दुसरे परीक्षण पाहा :

'ओव्हरकुक्ड हा २०१६ मध्ये आलेला स्वयंपाकघराचा खेळ आहे. एक ते चार जण एकाच टीव्हीसमोर बसून तो खेळू शकतात. कांदे चिरायचे, सूप शिजवायचे, ताटलीत वाढायचे, खरकटी भांडी विसळायची, हे सारे वेळेत करायचे असते. एकट्याने सर्व करू गेल्यास हमखास फजिती होते. कामे वाटून घ्यावीच लागतात. भांडे चुलीवर विसरले, तर आग लागते. हिंसा नाही. कोणता पदार्थ हवा ते चित्रांनी दाखविलेले असल्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही खेळता येते. कथेतील संवाद मात्र इंग्रजीत आहेत. आम्ही तो कन्सोलवर तीन संध्याकाळी खेळलो. पहिल्या दिवशी वृद्ध सासऱ्यांना कंट्रोलरची बटणे सापडेनात. तिसऱ्या दिवशी भांडी विसळण्याचे काम त्यांनी आपणहून मागून घेतले. पुढचे टप्पे घाईचे आहेत. आमच्या घरी आवाज चढले आणि मूल रडवेले झाले. २०२० च्या एकत्रित आवृत्तीत वेळ वाढवून घेण्याची सोय आहे, तीच घ्यावी. सात-आठ वर्षांच्या पुढील मुले आणि हसून हरण्याची तयारी असलेली मोठी माणसे यांच्यासाठी हा खेळ उत्तम. शांतपणे एकट्याने खेळू इच्छिणाऱ्यांसाठी नव्हे.'

या परीक्षणात एकही अवघड शब्द नाही. लिहिणाऱ्या बाईंनी तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले असेल, असेही वाटत नाही. तरीही खेळ कोणता, कोणत्या यंत्रावर, किती जणांचा, नेमके काय करायचे, भाषा कोणती, अडचण कोणती आणि तो कोणासाठी आहे, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यात मिळतात. किती वेळ खेळून हे मत बनविले, तेही त्या सांगतात. खेळातील खरेदीविषयी मात्र त्यांनी काही लिहिलेले नाही. तेवढा प्रश्न वाचकाने दुकानदाराला विचारावा. अशी उणीव ओळखता येणे, हीसुद्धा वाचनाची एक पायरीच आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सासऱ्यांनी भांडी विसळण्याचे काम मागून घेतले, हा तपशील कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. तो केवळ त्या घरात घडला आणि पाहणाऱ्याने तो प्रामाणिकपणे नोंदविला. आईचा निर्णय होतो, तो या एका वाक्यामुळे. आपल्या घरातील आजोबांनाही या खेळात जागा आहे, हे तिला त्यातून उमगते.

समारोप

परीक्षण लिहिण्यासाठी मोठी पदवी लागत नाही. लक्षपूर्वक पाहणे, पाहिले तेवढेच सांगणे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या कुटुंबाचा विचार मनात ठेवणे, या तीन गोष्टी मात्र लागतात. भाजी निवडताना, शाळा शोधताना, भाड्याचे घर पाहताना आपण शेजाऱ्याचा अनुभव विचारतो आणि आपला अनुभव त्याला सांगतो. खेळाचे परीक्षण म्हणजे तोच शेजारधर्म लेखणीने पाळणे होय. पूर्वी घरात खेळाची पारख करून देणारी आजी होती. नव्या खेळांच्या बाबतीत ते काम आता एकमेकांसाठी आपणच करावयाचे आहे.